पेट्रोलची गाडी सोडून विजेची घ्यावी का? आधी पार्किंगकडे बघा

विजेच्या गाड्यांची एक तरी बातमी रोज असतेच. आज कुठली तरी नवी गाडी एका चार्जमध्ये सहाशे किलोमीटर गेलेली असते, उद्या एखादी गाडी पेटलेली असते, परवा बॅटरी बदलण्याच्या खर्चाचा आकडा वाचून डोळे पांढरे होतात. आपल्या दारात दहा वर्षांची पेट्रोल किंवा डिझेल गाडी उभी आहे, ती अजून चालतेय. मग आपण करायचं काय?

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय आणि माझ्या स्वतःच्या गाडीबद्दल मलाही पडलाय. माझं निरीक्षण असं की आपण सगळे चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. कुठलं मॉडेल, किती रेंज, किती वेगवान, इथून. खरी सुरुवात गाडी रात्री जिथे उभी राहते त्या जागेपासून करायला हवी. असं का म्हणतोय, ते समजायला तीन शब्द पुरतात.

टाकी, नळ आणि मायलेज

युनिट म्हणजे वीजबिलावर येतं तेच युनिट. तांत्रिक भाषेत त्याला किलोवॉट-तास म्हणतात. गाडीची बॅटरी किती मोठी, हे युनिटमध्ये सांगतात. 60 युनिटची बॅटरी म्हणजे 60 युनिटची टाकी.

किलोवॉट म्हणजे नळाची धार. 7 किलोवॉटचा चार्जर तासाला 7 युनिट भरतो, 50 किलोवॉटचा तासाला 50. टाकी आणि धार या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं, आणि ही गल्लत गाड्या विकणारेही करताना मी ऐकलंय.

तिसरा शब्द रेंज, म्हणजे भरलेल्या टाकीवर गाडी किती जाईल. मध्यम आकाराची विजेची गाडी 100 किलोमीटरला साधारण 15 युनिट खाते. म्हणजे 60 युनिटमध्ये 400 किलोमीटर.

इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी चक्रावलोच होतो. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे त्या अवजड बॅटरीत, जिचं वजन तीन-चारशे किलो भरतं, सात लिटर पेट्रोलएवढीसुद्धा ऊर्जा नसते! तरी गाडी 400 किलोमीटर जाते. कारण पेट्रोलचं इंजिन त्यातली पाऊण ऊर्जा उष्णता म्हणून उडवून टाकतं. रेडिएटर असतो तो ही उष्णता बाहेर फेकण्यासाठीच. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेतली बहुतांश चाकांपर्यंत पोचवते, वर ब्रेक लावताना गाडीच्या वेगातली काही ऊर्जा परत बॅटरीत भरते.

रेंजची भीती आणि महिनाभराची वही

"मध्येच चार्ज संपला तर?" हा पहिला आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. जाहिरातीतली रेंज प्रयोगशाळेत ठरलेल्या चाचणीची असते. प्रत्यक्षात ती कमी भरते, आणि किती कमी भरते ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं.

एक म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 90 वरून 120 वर गेलात तर वेग सव्वापट-दीडपटीच्या मधे कुठेतरी वाढतो, पण हवेचा विरोध पावणेदोन पटींहून थोडा जास्तच होतो. म्हणून शहरात 400 किलोमीटर देणारी गाडी महामार्गावर 300 वर येते. पेट्रोलच्या गाडीचं बरोबर उलटं असतं. तिला सिग्नल, गर्दी, थांबा-निघा हे सगळं जाचक असतं आणि मोकळा रस्ता सुखाचा. शहरातच फिरणाऱ्याला विजेची गाडी जास्त मानवते ती यामुळे.

दुसरी गोष्ट थंडी. पेट्रोल गाडीत हीटरला इंजिनची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. विजेच्या गाडीत हीटर बॅटरीवर चालतो, आणि गारठलेली बॅटरीही हात आखडता घेते. कडाक्याच्या थंडीत रेंज पाचव्या हिश्शाने ते तिसऱ्या हिश्शाने घटू शकते. तरीही बर्फाळ नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. त्यामागे सरकारने वर्षानुवर्षं दिलेल्या करसवलती आहेत हे खरं, पण थंडीत गाडी अडून बसत असती तर नुसत्या सवलतीवर कोणी ती घेतली नसती.

भीती खरी आहे की नुसतीच वाटते, हे मोजायचा सोपा मार्ग आहे. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आणि महिनाभर रोज रात्री गाडी लावताना ओडोमीटरचा आकडा लिहिला. कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे म्हणालो असतो, "माझं रोज साठ-सत्तर किलोमीटर होतंच." वहीत निघाले सरासरी 34. तीस दिवसांत दोनदाच शंभराच्या पुढे गेलो. नऊ दिवस तर गाडी हललीच नव्हती. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गाडी बघायला जाण्याआधी ते वहीत उतरवा. आपल्याला लांबचे प्रवास लक्षात राहतात आणि रोजचे विसरतात.

गाडी रात्री कुठे असते?

पेट्रोल आपण पंपावर जाऊन भरतो. विजेची गाडी मोबाइलसारखी भरायची असते, ती नुसती उभी असताना. गाडी दिवसाचे वीस-बावीस तास उभीच असते, आणि त्यातला बराच वेळ घराजवळ. तिथे प्लग असेल तर चार्जिंगला किती वेळ लागतो हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही झोपलेले असता.

त्यासाठी मोठा चार्जरच हवा असंही नाही. 220 ते 240 व्होल्टच्या घरगुती सॉकेटमधून गाडीसोबत आलेली केबल साधारण 2 ते 3 किलोवॉट देते. रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्याला 6-7 युनिट लागतात, म्हणजे जेमतेम तीन तास. अट इतकीच की सॉकेट चांगल्या प्रतीचं, अर्थिंग नीट केलेलं आणि वायर पुरेशी जाड हवी. तासन्‌तास सलग एवढा भार घेण्यासाठी प्रत्येक जुनं सॉकेट बनवलेलं नसतं. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. प्लग हाताला गरम लागत असेल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

भिंतीवरचा 7 किलोवॉटचा चार्जर बसवला तर पूर्ण रिकामी 60 युनिटची बॅटरीही एका रात्रीत भरते. मात्र त्याआधी घराला मंजूर झालेला वीजभार तेवढा आहे का, हे तपासावं लागतं.

ज्यांची गाडी रस्त्यावर किंवा सामाईक पार्किंगमध्ये उभी राहते आणि तिथे प्लग नाही, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांना सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहावं लागतं. एका मित्राबरोबर मी असा थांबा अनुभवलाय. चार्जरवर दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या दोन केबल, होत्या. मशीनवर 50 किलोवॉट लिहिलेलं, आमची गाडी नीट भरत होती. दहा मिनिटांत दुसरी गाडी येऊन लागली आणि आमच्या स्क्रीनवरचा आकडा 48 वरून 24 वर आला. एकच नळ दोघांत वाटला गेला होता. मित्राने घरी "अर्ध्या तासात निघतो" असं कळवलं होतं, प्रत्यक्षात तास उलटून गेला. प्रवासात वर्षातून चारदा असं झालं तर चालतं. दर आठवड्याला, दिवसभराचं काम उरकून असं ताटकळायचं असेल तर माणूस वैतागतो, आणि त्याचं वैतागणं बरोबर असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरी किंवा कामाच्या ठिकाणी प्लगची सोय नसेल, तर ती होईपर्यंत गाडी घेऊ नका. आधी सोय करण्याच्या मागे लागा. इमारतीतल्या चार जणांना बरोबर घेतलंत तर ते काम एकट्याने करण्यापेक्षा सोपं जातं.

लांबच्या प्रवासात वेगवान चार्जरवर बहुतेक गाड्या 10 टक्क्यांवरून 80 पर्यंत वीस ते चाळीस मिनिटांत पोचतात. पुढचे वीस टक्के मात्र रेंगाळतात. कळशी भरत आली की आपण नळ बारीक करतो, नाही तर पाणी सांडतं. बॅटरीही शेवटी शेवटी धार बारीक करून घेते. त्यामुळे प्रवासात 80 वर गन काढून निघायचं, मागच्या माणसालाही जागा मिळते.

एक लिटर विरुद्ध अडीच युनिट

दर ठिकठिकाणी वेगळे आणि रोज बदलणारे, म्हणून नुसती तुलना सांगतो. 100 किलोमीटरला पेट्रोलची गाडी समजा साडेसहा लिटर पिते. विजेच्या गाडीला 15 युनिट लागतात, पण चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर 17 पडतात. भागाकार केला की एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 2.6 युनिट.

आता तुमच्या घरच्या एका युनिटचा दर घ्या, त्याला 2.6 ने गुणा आणि लिटरच्या दराशेजारी ठेवा. जे कमी, ते चालवायला स्वस्त. घरच्या दराने बहुतेक ठिकाणी वीज सहज जिंकते. हाच हिशेब सार्वजनिक वेगवान चार्जरच्या दराने करा. तिथे युनिट घरच्यापेक्षा बरंच महाग असतं आणि बचत कधीकधी जवळपास नाहीशी होते. प्रश्न पुन्हा त्या पार्किंगवरच येतो.

देखभालीत ऑइल, क्लच, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर हे सगळं जातं. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड असते आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. विमा आणि अपघातानंतरची दुरुस्ती अनेकदा महाग पडते, त्याचा आकडा आधीच मागून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट, जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही: विजेच्या गाडीतही साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

खरेदीची किंमत जास्त आणि किलोमीटरमागचा खर्च कमी, असं असलं की फायदा जास्त फिरणाऱ्याचा. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. अशा माणसाने सेकंडहँड विजेची गाडी बघावी. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत झपाट्याने उतरते, तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

"पण बॅटरी पाच वर्षांत संपते ना?"

ही धास्ती मोबाइलवरून आलेली आहे. दोन्हीकडे लिथियम-आयन बॅटरीच असते. सोनी कंपनीने 1991 मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला, म्हणजे जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचं काम साधं आहे. चार्ज होताना लिथियमचे भारित कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात, गाडी चालताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यातले थोडे वाटेत अडकून पडतात, ते पुन्हा कामाला येत नाहीत. बॅटरी म्हातारी होते म्हणजे नेमकं हे होतं.

मोबाइल रोज शून्याजवळ जातो, रोज शंभरपर्यंत भरतो, खिशात तापतो. गाडीच्या बॅटरीला थंड-गरम ठेवणारी यंत्रणा असते, आणि रोजच्या 40 किलोमीटरसाठी तिचा दहावा हिस्साच वापरला जातो. एका पूर्ण चार्जला 350 किलोमीटर धरले आणि अशा 1000 फेऱ्या झाल्या, तरी साडेतीन लाख किलोमीटर होतात. बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत बॅटरीची क्षमता 70 टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. 70 टक्क्यांवर आलेली बॅटरी मेलेली नसते. 400 चे 280 किलोमीटर होतात. तुमच्या वहीतला आकडा 34 असेल तर फरक जाणवणारही नाही.

बॅटरी मुख्यतः दोन जातींची मिळते. एलएफपी, म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली, जास्त फेऱ्या टिकते, पूर्ण भरलेली चालते, पण तेवढ्याच ऊर्जेला वजन जास्त आणि थंडीत थोडी नाजूक. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगेनीज-कोबाल्टवाली, हलकी असते. तिला रोज 80 टक्क्यांपर्यंतच भरलं तर ती जास्त जगते. गाडी घेताना "बॅटरी कोणती?" एवढं जरूर विचारा. सेकंडहँड घेत असाल तर बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल मागा. तो देता येत नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

"आग लागली तर? पाण्यात बुडाली तर?"

पेट्रोलच्या गाड्याही पेटतात. स्वीडन, नॉर्वेसारख्या देशांतल्या नोंदींत, गाड्यांच्या संख्येच्या हिशेबाने, पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या आगी जास्त आहेत. विजेच्या गाड्या वयाने नव्या आहेत हा मुद्दा त्यात धरायला हवा. पण बॅटरीची आग वेगळ्या जातीची असते हेही सांगायला हवं. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते; त्यातला एक सेल तापला की तो शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी तुटता तुटत नाही. विझवायला हजारो लिटर पाणी लागू शकतं आणि विझलेली गाडी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

उदाहरण ठाऊक असावं. जनरल मोटर्सने 2021 मध्ये शेव्हरोले बोल्ट या मॉडेलच्या तोवर बनलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. उत्पादनातले दोन बारीक दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की आग लागू शकत होती. म्हणून बॅटरीसंबंधी कंपनीकडून बोलावणं आलं तर ते पुढच्या सर्व्हिसपर्यंत लांबवू नका.

पावसाची काळजी नको, चार्जिंग चालू असतानाही. गन नीट बसली आहे याची खात्री होईपर्यंत गाडी आणि चार्जर वीज सोडतच नाहीत. बॅटरीचा डबा सहसा मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाणार नाही असा बनवतात. पण खारं पाणी घातक. 2022 मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्या पुढच्या दिवसांत पेटल्या. गाडी बुडाली असेल तर ती चालू करून बघू नका, घरापासून लांब, मोकळ्या जागी न्यायला लावा.

"वीजही कोळशाचीच ना?"

हा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून आकडे मांडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. साडेसहा लिटरचे 15 किलो, आणि तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं धरलं तर 100 किलोमीटरला 18 किलोच्या आसपास.

विजेची गाडी कारखान्यातून निघते तीच कर्ज घेऊन. एका युनिट क्षमतेची बॅटरी बनवताना साधारण 60 ते 100 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. 60 युनिटच्या बॅटरीवर ढोबळमानाने 5 टनांचं कर्ज. ते फेडायचं रस्त्यावर चालून.

वीज बहुतेक पाणी-वारा-सूर्याची असेल तर 100 किलोमीटरला एखादा किलो सुटतो. म्हणजे 17 किलो वाचले आणि कर्ज 30 हजार किलोमीटरमध्ये फिटलं. कोळसा बराच असलेल्या ग्रिडवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर, युनिटमागे 0.7 किलो धरले तर 17 युनिटचे 12 किलो होतात, बचत 6 किलोंची, आणि कर्ज फिटायला 80 हजारांहून जास्त किलोमीटर लागतात. सगळी वीज कोळशाचीच असेल तर युनिटमागे किलोभर सुटतो आणि बचत जवळपास उरतच नाही. त्यातही एक फरक राहतो. ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढत गेली की तीच जुनी विजेची गाडी आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडी जन्मभर लिटरमागे 2.3 किलोवरच राहते. शिवाय मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटणारा धूर रस्त्यावरून जातो, हे मला या सगळ्या आकड्यांपेक्षा जवळचं वाटतं.

खाणींचा प्रश्न मात्र कुठल्याही आकडेमोडीने सुटत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या हातखाणींमध्ये लहान मुलं राबतात. एलएफपी बॅटरीत कोबाल्ट नसतो. ही जात निवडण्याचं मला एवढं एकच कारणही पुरेसं वाटतं.

हायब्रिडचा मधला रस्ता

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असतात. साधी हायब्रिड म्हणजे कमी पेट्रोल पिणारी पेट्रोल गाडीच. पार्किंगला प्लग नसणाऱ्यासाठी ती चांगली. प्लग लावता येणारी हायब्रिड मात्र रोज प्लगला लावली तरच अर्थ. युरोपात 2021 मध्ये नोंदलेल्या अशा गाड्यांतून प्रत्यक्षात सुटणारा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या साडेतीन पट निघाला. मालकांनी त्या गृहीत धरल्याइतक्या प्लगला लावल्याच नव्हत्या.

चालती गाडी काढायची का?

तुमची पेट्रोल गाडी ठणठणीत आणि फिरणं कमी असेल, तर घाई करू नका. नवी गाडी बनवण्याचं कर्ज कमी फिरणाऱ्याकडून लवकर फिटत नाही. जुनीचा मोठा खर्च समोर येईल, तेव्हा निर्णय घ्या.

डिझेलवाल्यांनी मात्र आपलं फिरणं तपासावं. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, तापून, मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. रोज पाच किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, बिल येतं. असं फिरणाऱ्याने बदलाचा विचार सगळ्यात आधी करावा. उलट रोज तीनशे-चारशे किलोमीटर महामार्गावर, किंवा मागे ट्रेलर ओढत जाणाऱ्याला डिझेल अजून काही काळ सोयीचं आहे. ट्रेलर लावला की विजेच्या गाडीची रेंज निम्म्यावर येऊ शकते.

माझी गाडी अजून पेट्रोलचीच आहे. वहीतले आकडे विजेच्या बाजूने आहेत, अडलंय ते पार्किंगपाशी. गेल्या रविवारी वायरमन टेप घेऊन आला होता. मीटरच्या पेटीपासून माझ्या जागेपर्यंत 22 मीटर भरले, मध्ये एक भिंत आणि दोन शेजाऱ्यांच्या गाड्या. दोघांशीही बोलणं झालंय. त्यातल्या एकाने विचारलं, "केबल टाकतोच आहात, तर माझ्यासाठीही एक टाकता येईल का?"